राजाश्रय ते शुल्क : सेंट पीटर्सबर्गच्या नृत्यशाळेचा इतिहास

सेंट पीटर्सबर्गमधील वागानोवा रशियन बॅले अकादमी १७३८ मध्ये सुरू झाली. बॅलेचे व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते. पावणेतीनशेहून अधिक वर्षांत या शाळेचा खर्च आधी झारच्या दरबाराने, मग सोव्हिएत सरकारने आणि त्यानंतर रशियन संघराज्याने उचलला. यांतील बहुतेक काळ विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नसे. राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण फुकट मिळे; मात्र त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याची पुढची वर्षे खर्च करणाऱ्याच्या नावावर जमा होत. शाळेतील मुलांचे दैनंदिन जीवन, त्यांची निवड आणि शिक्षणानंतरची नोकरी या सर्वांना हा व्यवहार आकार देत आला.

राजवाड्यातील वर्ग

पीटर द ग्रेटने १७१८ पासून सरदारांच्या घरी स्त्री-पुरुषांची एकत्र संमेलने भरवण्याचा प्रघात पाडला. तेथे युरोपीय पद्धतीचे नृत्य येणे प्रतिष्ठेचे ठरू लागले आणि नृत्यशिक्षकांना मागणी आली. १७३१ मध्ये सरदारपुत्रांसाठी लष्करी कॅडेट विद्यालय स्थापन झाले. तेथे तलवारबाजी आणि घोडेस्वारीबरोबर नृत्यही शिकवत. १७३४ पासून हे काम जाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाकडे होते. १७३६ मध्ये फ्रांचेस्को आराया या इटालियन संगीतकाराचा ऑपेरा दरबारात झाला, तेव्हा त्यातील नृत्ये लांदेच्या कॅडेटांनी सादर केली.

कॅडेट कितीही चांगले नाचले तरी ते पुढे सैन्यात अधिकारी होणार होते. सरदाराच्या मुलाने नृत्य अंगी बाणवावे, पण त्यावर पोट भरू नये, अशीच त्या काळची समजूत होती. दरबाराला कायमचे नर्तक हवे असतील तर ते दुसऱ्या थरातून घडवावे लागणार होते. लांदेने १७३७ मध्ये सम्राज्ञी आना इवानोव्हना हिच्याकडे तसा अर्ज केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मंजुरी मिळाली आणि हिवाळी राजवाड्यातील काही खोल्यांत शाळा भरू लागली. पहिले विद्यार्थी राजवाड्यातील नोकरचाकरांची मुले-मुली होती. त्यांचा खर्च राजवाडा करणार होता आणि ती शिकून तयार झाली की राजवाड्याच्याच रंगमंचावर नाचणार होती.

अठराव्या शतकातील रशियात इतरत्रही नर्तक याच प्रकारे, परावलंबी मुलांमधून, घडवले जात. मॉस्कोच्या अनाथालयात १७७३ मध्ये नृत्याचे वर्ग सुरू झाले आणि त्यांतूनच पुढे बोल्शोई थिएटरची नृत्यशाळा उभी राहिली. शेरेमेत्येव यांच्यासारखी धनाढ्य सरदार घराणी आपल्या जहागिरीवरील भूदासांच्या मुलांना निवडून नृत्य-गायन शिकवत आणि त्यांची खासगी नाटकमंडळी बाळगत. शेरेमेत्येव घराण्यातील कलावंतिणींना रत्नांवरून नवी आडनावे दिली जात. ‘ग्रानातोवा’ हे तात्याना श्लिकोवा या नर्तिकेचे आडनाव त्यांपैकीच एक. झोरिच या सरदाराच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये शाही रंगभूमीने त्याच्या भूदास नर्तकांचा संच विकत घेतला. नर्तक हा शिकवून तयार केलेला, म्हणून हक्काचा माणूस, ही कल्पना अशा व्यवहारांतून रुजत गेली.

शाही रंगभूमीची शाळा

कॅथरीन द ग्रेटच्या काळात, १७६६ मध्ये, शाही रंगभूमीचे संचालनालय स्थापन झाले. शाळा त्याच्या कक्षेत आली आणि तिचे रूप पालटले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती नृत्यापुरती न राहता नाटक, गायन आणि वाद्यसंगीत यांसाठीही कलावंत तयार करणारी रंगभूमी शाळा बनली. मुलाचा कल आणि शरीरयष्टी पाहून त्याला एखाद्या शाखेत घालण्यात येई. नृत्यात मागे पडलेला मुलगा नाटकाकडे किंवा वाद्यवृंदाकडे वळवता येत असल्याने त्याच्यावर झालेला खर्च वाया जात नसे.

१८०१ मध्ये आलेल्या शार्ल दिदलो याने नृत्यशिक्षणाला कडक शिस्त लावली. मधला काही काळ सोडता तो तीन दशकांच्या आसपास पीटर्सबर्गच्या बॅलेचा सर्वेसर्वा होता. त्याच्या वर्गात चुकलेल्या मुलाला काठीचा प्रसाद मिळे. त्याच्या हाताखाली घडलेली अव्दोत्या इस्तोमिना हिचे नृत्य कवी अलेक्सांद्र पुश्किनने आपल्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या कादंबरीकाव्यात वर्णिले आहे. परदेशातून भरपगारी नर्तक आणण्याऐवजी देशातच नर्तक घडवणे दरबाराला परवडते, हे दिदलोच्या पिढीने दाखवून दिले.

१८३६ मध्ये शाळा कार्लो रोस्सी या वास्तुरचनाकाराने आखलेल्या रस्त्यावरील इमारतीत गेली. हा रस्ता २२० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद असून दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंचीही २२ मीटरच आहे. त्याला तेव्हा थिएटर स्ट्रीट म्हणत. आज तो रोस्सीच्या नावाने ओळखला जातो. शाही रंगभूमीच्या संचालनालयाची कचेरी तेथेच होती, त्यामुळे शाळा आणि तिचे मालक एका छपराखाली आले. तालमीच्या खोल्या, शयनगृहे, दवाखाना, प्रार्थनामंदिर आणि छोटे नाट्यगृह अशी सर्व सोय आतच असल्याने मुलांना बाहेर पडण्याचे कारण क्वचितच येई.

प्रवेश आणि वसतिगृहातील दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील शाळेचे चित्र माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींमुळे बारकाईने उभे करता येते. तमारा कार्साविना या नर्तिकेचे ‘थिएटर स्ट्रीट’ हे आत्मचरित्र त्यांत विशेष महत्त्वाचे आहे.

साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना प्रवेश मिळे. परीक्षकांपुढे मुलांना चालायला, धावायला लावत. पाय, पाठ, गुडघे आणि सांधे तपासत. डॉक्टर हृदय, डोळे, कान पाहत. शेवटी सुरांची जाण अजमावली जाई. निवड झाली तरी पहिला काळ उमेदवारीचा असे. त्या काळात मूल घरी राहून शाळेत येई. समाधानकारक प्रगती दिसली तरच त्याला वसतिगृहात घेत आणि तेव्हापासून त्याचा सगळा भार दरबार उचले.

गरीब कुटुंबाला या प्रवेशाचे मोल मोठे होते. आना पावलोवा ही कपडे धुण्याचे काम करणाऱ्या बाईची मुलगी. पहिल्यांदा ती वयाने लहान आणि प्रकृतीने नाजूक म्हणून परत पाठवली गेली. १८९१ मध्ये, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. वास्लाव निजिन्स्की १८९८ मध्ये शाळेत आला. त्याचे आईवडील फिरत्या मंडळ्यांतील पोलिश नर्तक होते. वडील कुटुंबाला सोडून गेल्यावर आईवर तीन मुलांची जबाबदारी पडली होती. वास्लाव आणि त्यापाठोपाठ त्याची बहीण ब्रोनिस्लावा यांना शाळेने घेतल्याने तिचा भार हलका झाला. कार्साविनाचे वडील स्वतः शाही रंगभूमीवरील नर्तक होते, त्यामुळे या नोकरीतील स्थैर्य आणि तिचे काच दोन्ही तिच्या घरात ठाऊक होते.

वसतिगृहातील दिवस घंटेवर चाले. सकाळी उठल्यावर प्रार्थना, न्याहारी आणि मग नृत्याचा वर्ग. पाय घसरू नये म्हणून लाकडी जमिनीवर झारीने पाणी शिंपडत. दुपारनंतर भाषा, गणित, इतिहास, फ्रेंच आणि धर्मशिक्षण यांचे तास, शिवाय संगीत आणि मूकाभिनय. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. नृत्याच्या सामायिक तासाला ते एकत्र येत, पण तेथेही आपसांत बोलण्याची मनाई होती. नव्या मुलींचा पोशाख तपकिरी रंगाचा असे. प्रगती केलेल्या मुलीला गुलाबी आणि सर्वोत्तम ठरलेलीला पांढरा पोशाख मिळे, म्हणजे वर्गातील प्रत्येकीची पायरी कपड्यावरूनच कळे. मुलग्यांच्या गणवेशाच्या कॉलरवर रंगभूमीचे चिन्ह असलेले चंदेरी वीणेसारखे वाद्य भरतकामात काढलेले असे.

शिकत असतानाच रंगमंचावरील काम सुरू होई. मारियुस पेतिपाच्या ‘द स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) आणि लेव्ह इवानोव्हच्या ‘द नटक्रॅकर’ (१८९२) यांसारख्या बॅलेंत मुलांसाठी खास प्रवेश रचलेले होते. शाळेच्या बंद घोडागाड्या मुलांना शाही रंगभूमीच्या मारिन्स्की थिएटरवर नेत आणि प्रयोग संपताच परत आणत. रंगमंचाची सवय लहानपणीच होत असल्याने या तरतुदीचा विद्यार्थ्यांना लाभ होता. थिएटरलाही बालनर्तक आयते मिळत. झार प्रयोगाला आला की मुलांना मिठाईचे डबे वाटले जात. कार्साविनापासून नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीनपर्यंत अनेकांना ही भेट उतारवयातही आठवत होती.

झारचे कुटुंब आणि शाळा यांचे नाते घरगुती वळणाचे होते. मार्च १८९० मध्ये मातिल्दा क्शेसिन्स्काया हिच्या वर्गाची अंतिम परीक्षा पाहायला तिसरा अलेक्झांडर सहकुटुंब आला आणि नंतर विद्यार्थ्यांच्या पंगतीला बसला. त्याने मातिल्दाला शेजारी बसवून घेतले. युवराज निकोलस आणि तिच्या पुढे बरीच गाजलेल्या प्रेमप्रकरणाची सुरुवात त्या संध्याकाळी झाली.

नोकरी, निवृत्तिवेतन आणि असंतोष

शाळा पूर्ण झाल्यावर विद्यार्थी शाही रंगभूमीच्या नोकरीत रुजू होई. समूहनर्तकापासून प्रमुख नर्तकापर्यंत ठरलेल्या श्रेणी होत्या आणि वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळे. नर्तकाचे शरीर चाळिशीच्या आत थकते, हे लक्षात घेऊन ही मुदत ठरवलेली होती. त्यामुळे नृत्य हा पेशा सरकारी नोकरीइतका भरवशाचा ठरला. पश्चिम युरोपातील बहुतेक नर्तकांना तेव्हा असे संरक्षण नव्हते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. खालच्या श्रेणीतील पगार तुटपुंजा होता. बुटांपासून घरभाड्यापर्यंत खर्च भागवताना अनेक तरुण नर्तकांना श्रीमंत चाहत्यांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागे. कोणती भूमिका कोणाला, हे अधिकारी ठरवत. १९०५ च्या क्रांतीच्या वातावरणात हा असंतोष बाहेर आला. मिखाईल फोकीन, पावलोवा आणि कार्साविना यांच्या पुढाकाराने नर्तकांनी संप पुकारला. पगारवाढ आणि आपल्या कामाचे व्यवस्थापक निवडण्याचा अधिकार या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. संचालनालयाने सहभागी नर्तकांकडून निष्ठेचे लेखी निवेदन मागितले. त्यावर सही केलेला शिक्षक-नर्तक सर्गेई लेगात याने त्याच सुमारास आत्महत्या केली. संप फसला, मात्र शाळेच्या कर्त्या पिढीचा मालकावरील विश्वास उडाला.

१९०९ मध्ये सर्गेई दियागिलेवने पॅरिसमध्ये रशियन बॅलेचा हंगाम केला तेव्हा त्याचे नर्तक शाही रंगभूमीच्या सुटीत आले होते. पुढे त्यांतील अनेक जण परत गेले नाहीत. निजिन्स्कीला १९११ मध्ये पोशाखाच्या वादावरून नोकरीतून काढले गेले आणि तो दियागिलेवकडे गेला. पावलोवाने स्वतःची मंडळी काढून जगभर प्रयोग केले. या दौऱ्यांत ती मुंबईलाही आली होती. तिच्याशी झालेल्या परिचयाचा उदय शंकर आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या दोघांच्याही कलाजीवनावर परिणाम झाला. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली. पावलोवाने १९१७ च्या क्रांतीनंतर पॅरिसजवळ सँ-क्लू येथे निर्वासित रशियन मुलींसाठी वसतिगृह चालवले आणि त्याचा खर्च प्रयोगांच्या उत्पन्नातून भागवला.

क्रांतीनंतर : कोणासाठी बॅले?

१९१७ मध्ये झारशाही संपली आणि शाळेचा आधार असलेले दरबार मंत्रालय नाहीसे झाले. शाळा काही काळ बंद पडली. बॅले हा सरंजामी थाटाचा अवशेष आहे, उपासमारीच्या दिवसांत त्यावर पैसा का घालवायचा, असा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढे होता. शिक्षणखात्याचा प्रमुख अनातोली लुनाचार्स्की याने जुन्या कला श्रमिकांसाठी खुल्या कराव्यात अशी बाजू मांडली आणि शाळा वाचवली.

परत उघडलेल्या शाळेत जळण नव्हते, अन्न अपुरे होते आणि कपडे विरले होते. बॅलन्शीन या काळातील विद्यार्थी. १९१३ मध्ये तो बहिणीबरोबर प्रवेशपरीक्षेला गेला होता; ती नापास झाली आणि तो घेतला गेला. क्रांतीनंतरच्या हिवाळ्यांत तो मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून पोटापुरते मिळवत असे. गारठलेल्या प्रेक्षागृहात लोक ओव्हरकोट घालून बसत आणि रंगमंचावर मुले पातळ कपड्यांत नाचत. तो १९२१ मध्ये उत्तीर्ण झाला आणि १९२४ मध्ये देश सोडून गेला. न्यूयॉर्कमध्ये बोलावणे आल्यावर आधी शाळा काढू, ही त्याची अट प्रसिद्ध आहे. त्यानुसार १९३४ मध्ये तेथे स्कूल ऑफ अमेरिकन बॅले सुरू झाली. मात्र तिचा आधार खासगी देणगीदार होते.

क्रांतीनंतरच्या याच वर्षांत आग्रिपिना वागानोवा शाळेत शिकवू लागली. मारिन्स्कीतील एका द्वारपालाची ही मुलगी १८९७ मध्ये येथूनच उत्तीर्ण झाली होती. तिने फ्रेंच सफाई, इटालियन ताकद आणि रशियन भावदर्शन यांचा मेळ घालून प्रत्येक इयत्तेसाठी क्रमवार अभ्यासक्रम आखला. १९३४ मध्ये तिचे शास्त्रीय नृत्याच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक निघाले. या पद्धतीला राजकीय महत्त्वही होते. नृत्यकौशल्य घराण्यातून येत नाही, योग्य शिक्षणाने सामान्य घरातील मूलही नर्तक होते, असे तिच्या आधारे सांगता येत होते. तिच्या विद्यार्थिनी मारिना सेम्योनोव्हा (१९२५) आणि गालिना उलानोव्हा (१९२८) सोव्हिएत बॅलेचा चेहरा बनल्या.

नव्या मालकाच्या अपेक्षाही नव्या होत्या. वय उलटून गेलेल्या तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग निघाले. जॉर्जियातून आलेला वाख्तांग चाबुकियानी त्यांतूनच पुढे आला. १९३४ पासून बश्किरियासारख्या प्रजासत्ताकांतील मुलांसाठी स्वतंत्र तुकड्या निघू लागल्या. त्यांनी शिकून परत जावे आणि आपल्या प्रांतात बॅले उभे करावे, अशी योजना होती.

१९४१ मध्ये लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचे तेव्हाचे नाव) वेढा पडण्याआधी शाळा उरल भागातील पेर्म शहराकडे हलवण्यात आली. विद्यार्थ्यांची सोय आसपासच्या गावांत झाली आणि मिळेल त्या जागेत तालीम चालू राहिली. १९४४ मध्ये शाळा परतली. मात्र तिच्या वास्तव्याच्या प्रभावातून पेर्ममध्ये १९४५ साली स्वतंत्र नृत्यशाळा निघाली आणि तीही पुढे नावारूपाला आली. लेनिनग्राडच्या शाळेला १९५७ मध्ये वागानोवाचे नाव देण्यात आले.

विद्यावेतनाचे ऋण

युद्धोत्तर सोव्हिएत काळात शिक्षण मोफत होते, परगावच्या मुलांना वसतिगृह मिळे आणि विद्यावेतनाची तरतूद होती. उत्तीर्ण झालेल्याने समितीने नेमून दिलेल्या थिएटरात ठरावीक वर्षे काम करावे, असा नियम होता. दरबारी नोकरीच्या बंधनाचीच ही नवी आवृत्ती होती, फक्त आता नेमणूक देशात कोठेही होऊ शके.

रुडॉल्फ नुरेयेवच्या उदाहरणात या बंधनाचा अर्थ स्पष्ट होतो. बश्किरियातील उफा शहरातून तो १९५५ मध्ये, १७ व्या वर्षी, शाळेत आला. इतर मुले त्याच वयात शिक्षण संपवत होती. संचालकाशी त्याचे खटके उडाले. अलेक्सांद्र पुश्किन या शिक्षकाने त्याला आपल्या वर्गात घेतले आणि पुढे घरीही ठेवून घेतले. १९५८ मध्ये तो उत्तीर्ण होऊन किरोव्ह थिएटरात, म्हणजे पूर्वीच्या मारिन्स्कीत, आला. शिक्षणाचा खर्च बश्किरियाने केलेला असल्याने त्याने उफाला परतावे, अशी मागणी नंतर पुढे आली. ती त्याने मानली नाही. १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्याने आश्रय मागितला. नतालिया माकारोव्हा १९७० मध्ये आणि रिगाहून १९६४ साली शाळेत आलेला, पुश्किनच्याच हाताखाली तयार झालेला मिखाईल बारिश्निकोव्ह १९७४ मध्ये देशाबाहेर राहिले.

१९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या उच्चशिक्षितांवर शिक्षणखर्चाच्या परतफेडीचा कर लादला. तो केवळ कलावंतांपुरता नव्हता आणि आंतरराष्ट्रीय दबावामुळे फार काळ वसूलही झाला नाही. तरी सरकारने शिकवलेला माणूस सरकारचे देणे लागतो, हा नृत्यशाळेत दोन शतके गृहीत धरलेला विचार त्यात कायद्याच्या भाषेत उतरला होता.

१९९१ नंतर

सोव्हिएत संघ कोसळला त्या वर्षी शाळेला अकादमीचा दर्जा मिळाला आणि नृत्यशिक्षक, नृत्यरचनाकार व अभ्यासक यांच्या पदवी शिक्षणाचा विस्तार होत गेला. त्याच वेळी चलनवाढीने सरकारी अनुदानाचे आणि विद्यावेतनाचे मूल्य घसरले. नेमून दिलेल्या नोकरीची सक्ती गेली, तशी हमखास नोकरीही गेली. शुल्क भरणारे परदेशी विद्यार्थी हा उत्पन्नाचा महत्त्वाचा मार्ग बनला. स्पर्धेतून निवडलेल्या रशियन मुलांचे शिक्षण मात्र सरकारी खर्चाने चालू राहिले. त्यामुळे सरावाच्या एकाच बारला धरून उभे असलेल्या मुलांत काही सरकारच्या, तर काही आईवडिलांच्या पैशावर शिकणारी असू लागली.

निवडीची पद्धत फारशी बदललेली नाही. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या शरीराची तपासणी, वैद्यकीय चाचणी आणि ताल-संगीताची परीक्षा अशा फेऱ्या होतात. नृत्याचा व्यावसायिक अभ्यासक्रम आठ वर्षांचा असून शालेय विषयही त्याच इमारतीत शिकवले जातात. दरवर्षीच्या परीक्षेत अपुरी प्रगती दिसली किंवा वाढत्या वयात शरीराची ठेवण बदलली तर विद्यार्थ्याला शाळा सोडावी लागते. पहिल्या वर्गातील काही मुलेच शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचतात. वासिली वायनोनेनने १९३४ मध्ये बसवलेल्या ‘द नटक्रॅकर’चे प्रयोग विद्यार्थी मारिन्स्कीत करतात, शिकतानाच रंगमंचावर उभे करण्याची दरबारी काळातील रीत अशी टिकून आहे. २०१३ पासून अकादमीची धुरा बोल्शोईचा माजी प्रमुख नर्तक निकोलाय त्सिस्करिद्झे याच्याकडे आहे. उत्तीर्ण विद्यार्थी आता मारिन्स्कीप्रमाणेच मॉस्कोत, रशियाच्या प्रांतांत किंवा परदेशी मंडळ्यांत स्वतः चाचणी देऊन काम मिळवतात. नोकरीची हमी आणि नोकरीचे बंधन ही दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. ती व्यवस्था संपल्यावर दोन्ही एकदमच गेली.